विकायची इंग्रजी सुरी

१४ सप्टेंबर, रविवार

आज काय झालं ते क्रमाने:

१. चऱ्होलीत राहायला आले. खोली वरच्या मजल्यावर, खिडकी पूर्वेला, नळाला दाब चांगला.
२. घरमालक हरिहरकाका एका कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. विधुर. एकटेच राहतात.
३. मी चाकणला क्वालिटीत मोजमापाचं काम करते हे ऐकून खूश झाले. माझी बॅग स्वतः वर नेली, डाव्या हाताने.
४. स्वयंपाकाला गावातल्याच सुमनताई येतात. एवढ्याशा भातावर ही पोरगी जगती कशी, असं त्यांनी माझ्यादेखत काकांना विचारलं.

जागा आवडली. स्वतःचं कपाट पहिल्यांदाच मिळालं.

२१ सप्टेंबर, रविवार

काकांनी जुन्या हत्यारांचा संग्रह दाखवला. जंबिया, बिचवा, दोन कट्यारी बैठकीच्या भिंतीवर आहेत. इंग्रजी सुरी मात्र कपाटात, कापडात गुंडाळलेली. दुसऱ्या महायुद्धात हातघाईसाठी ब्रिटिश सैनिकांना देत ती. दुधारी, टोकाकडे निमुळती. मूठ पितळी, आडव्या खाचांची.

ती विकायची आहे. काकांना मोबाइलवर जाहिरात टाकता येत नाही, म्हणून ते काम मी घेतलं. पातं १७४ मिमी. धारेला खोट नाही. मूठ माझ्या हाताला मोठी आहे. करंगळी खाचेपर्यंत पोचत नाही. मी मोजत असताना काका लांब उभे होते.

संध्याकाळी थेरगावच्या धम्मपाल नावाच्या संग्राहकांचा फोन आला. दसऱ्यानंतर येऊन बघतील.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. कंपनीत सकाळीच मशिनांना हार घातले. आमच्या विभागातले मायक्रोमीटर आणि गेज पाटावर मांडले होते. आज त्यांना कामाला लावायचं नाही.

घरी आले तर काकांनीही हत्यारं पाटावर मांडलेली. भाऊबंदांत कुणी गेलंय, सुतक आहे, तेव्हा पूजा तेवढी तू कर, म्हणाले. इंग्रजी सुरीलाही कुंकू लावायला सांगितलं. ती तर विकायची आहे ना, असं विचारलं. विकेपर्यंत घरचीच, म्हणाले.

कुंकू लावलं, झेंडू वाहिला, मुठीला हात लावून नमस्कार केला. काका दारातून बघत होते. मग खाली बसले आणि बराच वेळ नुसते हसत राहिले.

६ ऑक्टोबर, सोमवार

गेटवरच्या हजेरीच्या मशीनने माझा अंगठा घेतला नाही. हात धुऊन, पुसून पाहिलं, तरी नाही. एचआरची तनुजा म्हणाली, सोनं लुटता लुटता अंगठाही लुटवून आलीस की काय. तिने रजिस्टरवर सही घेतली. उजवा हातमोजा घट्ट होतोय. दुसरा जोड मागितला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मपालना आणखी मापं हवी होती, म्हणून सुरी पुन्हा मोजली. सगळी पूर्वीइतकीच. पण धरली तेव्हा करंगळी खाचेत नीट बसली.

मूठ बदललेली नाही, म्हणून हात मोजला. डावा तळहात ७६ मिमी. उजवा ८३. उपकरणावर संशय आला, ते प्रमाण ठोकळ्यावर तपासलं. उपकरण बरोबर आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

काकांनी पेढे आणले. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. इतकी वर्षं मशीन त्यांचा अंगठा ओळखत नव्हतं, दरवेळी साहेबांची सही आणावी लागायची. यंदा पहिल्या फटक्यात जुळला. पेढा त्यांनी उजव्या हाताने दिला.

सुमनताईंना विचारलं, सुतकात पेढे कसे. त्या पोळी लाटायच्या थांबल्या. "कसलं सुतक? कोन मेलंय त्यांचं? भाऊबंद तर परवा मटण खाऊन ग्येले की हितं."

काकांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. टूलरूमच्या सुपरवायझरने त्यांच्याकडूनही अशीच पूजा करून घेतली होती. खंडेनवमीला जो या सुरीला पुजतो, त्याचा उजवा हात ती घेते आणि आधीच्याचा सोडते. लग्न झाल्यावर बायकोलासुद्धा मी उजव्या हाताने शिवलो नाही, म्हणाले. हे सांगताना ते रडत होते, आणि मधूनमधून आपला हात उलटसुलट करून बघत होते.

पुढची खंडेनवमी वर्षाने.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कंपनीच्या बसमध्ये बसले होते. खिडकीबाहेर बघत होते. पुढच्या सीटवरचा माणूस दचकून वळला. माझी दोन बोटं त्याच्या कानाखाली टेकली होती, जिथे नाडी लागते तिथे. मुंगी होती, म्हणाले. थँक यू मॅडम, म्हणाला.

मी हात उचललेला नव्हता.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धम्मपाल येऊन गेले. त्यांना सगळं सांगितलं. खंडेनवमी होऊन गेली आहे, तरी एकदा कुंकू लावून बघा, अशी विनवणी केली. ते मनापासून हसले. "ताई, आमच्याकडे हत्यारांची पूजा नसते. वस्तू आवडली, बास. तुमी टेन्शन घेऊ नका."

सुरी घेऊन गेले. निदान घरात तरी नाही.

काका मुलीकडे गेले आहेत. कधी येणार ते सांगितलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. घरी गेले नाही. ओजस चिडला, म्हणाला, एकुलता एक भाऊ आहे मी, नोकरी काय पळून चालली होती? खोटं सांगितलं.

ओवाळताना समोर त्याचा गळा असता —

उजवा तळहात ८९.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सुरी गेली, हात परत आला नाही. तो शोधतोय. काल स्क्रूड्रायव्हर. आज भाजीची सुरी —

सुमनताई वांगी निवडत होत्या. पाठ माझ्याकडे. मी डाव्या हाताने मनगट धरलं, दारात अडकवलं, दार ढकललं. दोनदा. त्या ओरडल्या, आगं बाय, काय करती हायेस —

त्यांना खोल जखम नाही. मानेवर ओरखडा, लहान. त्या गेल्या. उद्यापासून येऊ नका म्हटलं.

मनगटाचं हाड मोडलं असावं. हाताला फरक नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

तो मूठ धरून बसतो. आत काही नसतं तरी. बोटांमध्ये तेवढीच जागा, खाचांसकट —

सुरी हातात होती तेव्हा शांत होता. आता कळतं. तिच्यासाठीच —

बसमधला हात. तेव्हाही सुरी घरात होती. मग शांत कधी होता?

कधीच —

२८ ऑक्टोबर, मंगळवार

डाव्या हाताने लिहिते आहे. मजकूर आधी इथे, मग पाठवायचा.

श्री. धम्मपाल, थेरगाव.
आपण नेलेली इंग्रजी सुरी मला परत हवी आहे. ती जवळ नसेल तर पुढच्या खंडेनवमीला मी ती दुसऱ्या कुणाकडून पुजून घेऊ शकणार नाही. कृपया कुरिअरने पाठवावी. शनिवार, १ नोव्हेंबरपर्यंत उत्तर द्यावे. मी स्वतः न्यायला आले, तर दार उघडू नका. मी कितीही नीट बोलले तरी उघडू नका, कारण बोलत मी असेन, पण कडी वाजवणारा —