खरवडलेल्या फळ्या

सोमवार, ४ मे

पोचले बाई एकदाची! आगबोट बेटाला लागली तेव्हा धक्क्यावर ‘पोरात’ नावाचं हे अख्खं गाव जमलं होतं. अख्खं म्हणजे अकरा माणसं आणि एक गाढव, त्यातलं गाढवच जरा समजूतदार दिसलं. घर मात्र झकास आहे. दगडी अंगण, कठड्याखाली थेट समुद्र, आणि मागच्या उतारावर ब्रनिस्त्राची झुडपं पिवळीधमक फुललेली. मधूनच रानखसखशीचा लाल ठिपका. सहा आठवडे फुलं आणि किनारा, दुसरं काही नाही. पंधरा जूनला झाग्रेबमध्ये माझं प्रदर्शन आहे. अठरा चित्रं हवीत. ह्या खेपेला जमलं नाही तर पुन्हा दार ठोठावू नका, असं दालनाचा मालक तोंडावर म्हणाला. मेल्याला दाखवतेच.

घराच्या किल्ल्या दोम्निका मावशीकडे असतात. वय सत्तर, कपडे काळे, बत्तीस वर्षांपासून विधवा. मला ‘पोरी’ म्हणते, एकोणपन्नासाव्या वर्षी! तिनं आल्या आल्या बजावलं, की समुद्राकडच्या छोट्या खोलीतल्या फळ्यांना हात लावू नकोस हो, रविवारी पुसायला मीच येत जाईन.

शुक्रवार, ८ मे

त्या फळ्या पाहिल्या. हसू आवरेना. नऊ फळ्यांवर नऊ गडी छातीपर्यंत समुद्रात उभे आणि कोपऱ्यात एकेक फूल. रंग होडीला मारायचा! चेहरे तर उकडलेल्या बटाट्यासारखे. मी दारातूनच परतले, असलं फार वेळ बघितलं तर हात बिघडतो.

रविवार, १० मे

मावशी आली. ओल्या फडक्यानं एकेक फळी पुसली, एकेकाशी गप्पा मारल्या. म्हणे, बुडालेल्यांपैकी ज्याचं प्रेत घरी येत नाही त्याची फळी घरच्यांनीच रंगवायची, त्या दिवशी किनाऱ्यावर जे फूल असेल ते कोपऱ्यात काढायचं, म्हणजे त्याला थारा मिळतो. तिसरी फळी तिच्या नवऱ्याची, फ्रानेची. दोन मुलं कडेवर आणि हातात ब्रश, अशी रंगवली म्हणे. आता बाकी आठांचं कुणी उरलं नाही, म्हणून सगळ्यांचं हीच बघते. मी मान डोलावली. सत्तरीतल्या बाईशी काय डोकं लावायचं!

मंगळवार, १२ मे

उत्तरेचा वारा सुटलाय. उद्याची आगबोट रद्द, आणि माझे कॅनव्हास त्याच बोटीवर! बाहेर ब्रनिस्त्रा दोन दिवसांत झडून जाईल. ह्या गावात एक धड कागद मिळत नाही. दुकानदारानं मला मासे गुंडाळायचा कागद दाखवला आणि वर विचारलं, ह्यावर समुद्र नाही का मावत.

संध्याकाळी छोट्या खोलीत गेले. जुनं सुरूचं लाकूड, एकही फळी वाकलेली नाही, माप अगदी हवं तेवढं. असल्या लाकडावर असली घाण! सुरीनं खरवडली, घासकागद मारला, पांढरं अस्तर दिलं. नऊच्या नऊ. म्हातारीला दिसतंय कुठे धड.

शनिवार, १६ मे

काय हात चालतोय! चार दिवसांत नऊ चित्रं. ब्रनिस्त्रा, खसखस, खडकातली जांभळी फुलं, मागे निळाशार समुद्र. वीस वर्षांत असं काम झालं नव्हतं.

रविवार, १७ मे

मावशी फडकं घेऊन आली आणि रिकाम्या भिंतीसमोर उभी राहिली. मी सांगितलं, साफ करायला शहरात पाठवल्यात. वारा आहे, बोट नाही, हे तिलाही ठाऊक होतं. फडकं पिळलं आणि गेली. मला उगीचच वाईट वाटलं, आणि मग वाईट वाटल्याचा राग आला.

मंगळवार, १९ मे

भर दुपारी बारा वाजता अंगणात ओली पावलं. अनवाणी, मोठी, कठड्यापासून दारापर्यंत. परत गेलेली दिसत नाहीत. गावातले कुणीतरी रिकामटेकडे असणार. धुतलेले कपडे ह्या वाऱ्यात पाऊण तासात वाळतात, ही पावलं संध्याकाळपर्यंत ओली.

गुरुवार, २१ मे

चित्रांना काहीतरी झालंय. प्रत्येकात समुद्राच्या मधोमध रंग धरत नाही. निळा लावला की ओघळतो आणि खालचं अस्तर दिसतं. जागेचा आकार माणसाचा, म्हणजे छातीपर्यंत पाण्यात उभ्या माणसाचा. रंग भेसळीचा असणार. शहरातला रंगवाला चोर आहे.

शनिवार, २३ मे

बारा वाजता अंगणात नऊ जण बसले होते. माझ्याकडे पाठ. अंगातून पाणी गळत होतं. मला वाटलं कोळी असतील. मी ओरडले, हे काय चावडी समजलात काय, उठा! ते वळले—

चेहरे नव्हते. पांढरं अस्तर होतं. माझ्याच सुरीचे ओरखडे होते त्यावर.

रविवार, २४ मे

मावशीचे पाय धरले. मी! सगळं सांगितलं. तिनं शिवी दिली नाही, दिली असती तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, माझा फ्रानेपण? मग म्हणाली, घर मोडलंस ना त्यांचं, आता तूच बांध. जसे होते तसेच काढ. पळू नकोस. बेटावरून जायचं तर समुद्रावरूनच जावं लागतं पोरी, आणि ते तिथलेच.

फ्रानेचा चेहरा तिनं सांगितला. डावी भुवई तुटलेली. ओठ असे, की विनोद ऐकलाय पण कळायला अजून वेळ आहे. मी माझं चित्र खरवडलं आणि तिच्या शब्दावर त्याला काढलं. रंग बसला. म्हातारी फळीला गाल लावून रडली, म्हणाली, मेल्या, किती भिजलास.

दुपारी आठच आले.

सोमवार, २५ मे

बाकीच्यांचे चेहरे मावशीला सांगता येईनात. पुसताना फळ्याच पाहिल्या होत्या, म्हणते, माणसं कुठे पाहिली? आणि आता फळ्याही नजरेसमोर धड येत नाहीत. त्यांना शेवटचं नीट पाहू शकली असती ती मीच. मी पाहिल्या नाहीत. एकाला मिशी होती. कुणाला? एकाचा कान पुढे आलेला... की तो फ्रानेच?

तीस वर्षं चेहरे रंगवलेत, म्हटलं रचून काढू. आठ गावंढळ चेहरे, त्यात काय कठीण! सगळे ओघळले. जमिनीवर चिखल झालाय रंगाचा. त्यांना खोटा चेहरा चालत नाही.

मंगळवार, २६ मे

आता अंगणात बसत नाहीत. खोलीत असतात. माझ्याभोवती. एकानं ब्रश उचलून माझ्या हातात दिला. थंडगार—

ओघळणार नाही असा एकच चेहरा मला पाठ आहे. रोज आरशात बघते तो. काढला. बसला! क्षणात वाळला.

सात उरले. जिंकले मी. एवढंसं कोडं, आणि म्हातारीनं केवढं घाबरवलं होतं!

बुधवार, २७ मे

पाच झाले. पाचही मी, छातीपर्यंत पाण्यात. कोपऱ्यात खसखस.

आरशात हनुवटी दिसत नाही. आरसाही ह्या गावातलाच, फडतूस. हनुवटीला हात लावला. घासकागद मारल्यासारखी गुळगुळीत.

बोटीची शिट्टी झाली. दार अडवून बसलेत.

गुरुवार, २८ मे

सात. दोन उरले नाहीत, एकच— नाही, एकच. मोजता येत नाही नीट. तोंड गेलं. मावशी दारात आली, मी हाक मारायला गेले, हाकच नाही. ती बघत राहिली. मग दुसऱ्या कुणाला तरी ओरडून सांगितलं, की आत कुणीतरी बाई आहे गं, आपली ती शहरातली नव्हे—

मीच आहे म्हातारे! मूर्ख, आंधळी—

शुक्रवार

शेवटची फळी. तो समोर बसलाय, वाट बघतोय. घाई नाही त्याला.

आरशात पांढरं. सगळं पांढरं. आठवणीनंच काढायला हवं. कठीण काय त्यात, माझाच तर चेहरा. नाक सरळ. सरळच ना? कपाळ... मागच्या सात फळ्यांवर बघून काढावं म्हटलं, तर त्या सगळ्यांनी तोंड समुद्राकडे—

डोळे. डोळ्यांचा रंग आधी मिसळून घेते. तपकिरी घेतला. नाही, करडा. आई म्हणायची, तुझे डोळे अगदी—