उलांडीच्या पाच रेघा

मालवण, गुरुवार, १२ जानेवारी १९६१

१. रविवारी इंग्रज चित्रकाराने मोठ्या चित्राआधीची पेन्सिलीची तीन रेखाटने नक्कल काढायला माझ्याकडे दिली.
२. आज नकलेआधी मी त्यांतल्या एका रेखाटनातल्या होडीच्या उलांडीच्या, म्हणजे तोल राखणाऱ्या बाजूच्या लाकडाच्या, पाच रेघांपैकी चार खोडल्या.
३. त्याने तसे सांगितले नव्हते.

मी नकाशांच्या नकला काढते त्या ऑफिसात आम्ही नकाशे असेच साफ करतो. एक रेघ खरी, बाकीच्या चुकलेल्या. ठेवली ती रेघ बरोबर आहे, याची मला खात्री आहे. पण सकाळी लाटेवर असलेली होडी आता हलत नाही. त्या पाच रेघा म्हणजेच तिचे डोलणे होते, हे खोडून झाल्यावरच का दिसावे?

आईने कागद पाहिला. "जळमटां काढूक सांगलंय तर तुझे हात दुखतत. हयसर बरे चालले गो!"

कागद खिडकीशी तिरपा धरला की चारही रेघांचे दबलेले ठसे दिसतात. त्यांवरून पुन्हा ओढल्या तर त्याला कदाचित कळणारही नाही. पेन्सिलीला टोक काढून बराच वेळ बसले. नाही ओढल्या. त्या पाच रेघा त्याच्या हाताच्या. माझ्या चार सरळच येतील.

फार थकले आहे. उद्या कणकवलीच्या डाकबंगल्यावर, तो उतरला आहे तिथे, एवढेच पाठवते:

"तुमच्या होडीच्या चार रेघा मी न विचारता खोडल्या. नक्कल अजून काढलेली नाही. उरलेली दोन रेखाटने माझ्याकडे ठेवायची की नाही, ते सोमवारपर्यंत कळवावे."