खरडपट्टीचा आवाज

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. आ.

तुझी पेटी पोचली. फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुझी आई सारखी आसपास असते आणि मी फोनवर बोलले की चार घरं पलीकडे ऐकू जातं म्हणे. हे म्हणणारी तीच.

तुझ्या आईची गाठ स्वरयंत्रात आहे आणि महिनाअखेरीला स्वरयंत्रच काढणार, हे डॉक्टरांनी तुला सांगितलंच आहे. जीव वाचेल, आवाज जाईल. त्याआधी तिचा आवाज या पेटीत भरायचा, तो तुमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र शिकणार, आणि मग ती टाइप करेल ते यंत्र तिच्याच आवाजात बोलणार, असं तू लिहिलंस. बरं बाई, बसवली तिला. तू पाठवलेली वाक्यं तिने वाचली. वाचली कसली, शाळेत साहेब तपासणीला आल्यावर पोरं हात बांधून म्हणतात ना, तसं म्हणून दाखवलं. आणि निळी होडी टेकडीमागून गेली, असलं वाक्य कोण बोलतं ग? आम्ही खुर्च्यांना कापड चढवणाऱ्या बायका. होडीशी आमचा काय संबंध? थोडं वाचून झालं आणि तिने पेटीवर सोफ्याची उशी दडपली. मुकी राहीन पण डब्यातून बोलणार नाही, म्हणाली.

ते मी बघते. पण मला एक नीट सांग. जो शब्द ती जन्मात बोलली नाही, तो यंत्र तिच्या आवाजात बोलणार कसं? उगाच गोडगोड समजूत घालू नकोस. मी सातवीत शाळा सोडली, डोकं सोडलं नाही.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो सांगून वाढत नाही.

तुझी,
मावशी

*

९ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र प्रयोगशाळेत मी मोठ्याने वाचलं, होडीपाशी सगळे हसले. वाक्यं आमच्या साहेबांनी निवडली होती. त्यांनी मान खाली घातली.

तुझा प्रश्न बरोबर आहे. यंत्र शब्द साठवून ठेवत नाही. तुमच्याकडे जुन्या सोफ्याचं फाटकं कापड आणतात आणि अगदी असंच हवं म्हणतात, तेव्हा तू त्या तुकड्यावरून वीण, रंग, नक्षी ओळखतेस आणि मग नवं कापड कुठल्याही आकाराच्या खुर्चीला बसवतेस. तसंच. आई 'क' कसा म्हणते, कुठे दम घेते, वाक्याच्या शेवटी आवाज कुठे चढवते, ही तिच्या बोलण्याची वीण यंत्र शिकतं. मग शब्द कुठलाही चालतो.

म्हणून वाचून दाखवलेलं नको. ती रोज बोलते तसं हवं, आणि भरपूर हवं. पण मावशी, चोरून भरू नकोस. तिला विचार. तिचा आवाज आहे, तिने हो म्हटलं तरच घ्यायचा. नाहीच म्हणाली तर इथे एक तयार आवाज आहे, कुणा परक्या बाईचा, मधासारखा. तो द्यावा लागेल. आईने टाइप केलं आणि तो आवाज आला तर मी कुणाशी बोलत असेन, हे मला कळत नाही. त्यामुळे जिवाला घोर आहे.

तुमची माया अशीच राहू दे.

तुझी,
भिंगरी

*

१६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. आ.

विचारलं. म्हणाली, भरा काय भरायचं ते, पण मी वाचणार नाही. म्हटलं ठीक. पेटी कामाच्या टेबलावर ठेवली, कात्री आणि खिळ्यांच्या डब्याच्या मधे. तर बाई गप्पच! पेटीकडे असं बघते जसं शेजारीण कान देऊन बसलीय. मग लक्षात आलं की एरवीही काम करताना आम्ही बोलतो कुठे? एकीने कापड ताणायचं, दुसरीने खिळे ठोकायचे. तोंड उघडतं ते फक्त कुणाचं काही बिनसलं की.

मग मी काय केलं, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्च्या आल्या आहेत, पट्ट्यापट्ट्यांचं कापड आहे. एका खुर्चीला पट्टे उभे लावायचे ते मी आडवे लावले. अगं, जो तोंडाचा पट्टा सुरू झाला! माझे डोळे, माझी अक्कल, मी लहानपणी तिची बाहुली उसवून आत काय आहे ते बघितलं होतं ते, सगळं बाहेर आलं. पेटीचा लाल दिवा नुसता नाचत होता. मी मनात म्हटलं, बोल बाई, बोल.

दुसऱ्या दिवशी स्प्रिंगा उलट्या बसवल्या. मग पाठीचा स्पंज बैठकीत घातला. रोज नवी चूक शोधायची म्हणजे सोपं काम नाही, मला चुका करायची सवय नाही. पण तिला फसवणं कठीण. परवा म्हणाली, चांगल्या कापडाची नासाडी बंद कर, मला कळत नाही असं समजू नकोस. आणि काल सकाळी चहा घेऊन स्वतः पेटीसमोर येऊन बसली, दिवा लावला आणि मला विचारलं की आज कशावरून भांडायचं. मी म्हटलं, तूच सांग. मग खिडकीचा पडदा कोणी जाळला यावरून दुपारपर्यंत चाललं. संध्याकाळी आवाज फाटतो, म्हणून सकाळीच उरकतो.

कानाला लावून मी थोडं ऐकलं. ती अगदी तीच. मी मात्र दुसरीच कुणीतरी, चिरक्या आवाजाची बाई. हे यंत्र बिघडलंय की मी अशीच बोलते? कळव.

आमच्याकडे सगळं ठीक. तुझा लोभ असाच टिकव.

मावशी

*

२० फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

यंत्र बिघडलेलं नाही. आपला आवाज आपल्याला बाहेरून येतो तसा आतून हाडांमधूनही ऐकू येतो, म्हणून तो भारदस्त वाटतो. पेटीत फक्त बाहेरचा येतो. सगळ्यांना तो परकाच वाटतो. पण खरं सांगू? तू अशीच बोलतेस.

आता अडचण. भरलेलं उत्तम आहे, स्वच्छ आहे, पण सगळं खरडपट्टी आहे! यंत्राला जे मिळेल तेच ते शिकणार. काल पहिला प्रयत्न करून पाहिला. नमस्कार, बसा ना, असं टाइप केलं. आमचे साहेब दचकून खुर्चीवरून उठले. काहीतरी मऊ मिळव ना ग. ती कुणाची विचारपूस करते, कुणाला समजावते, असं काहीही. दिवस फार थोडे उरलेत.

आईला सांगू नकोस, पण ते भांडण मी इथे पुन्हा पुन्हा लावते. पडदा तूच जाळलास, हे उघड आहे.

माया असू दे.

तुझी,
भिंगरी

*

२६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. आ.

उद्या सकाळी ऑपरेशन. शेवटचं भरलेलं सोबत पाठवतेय.

मऊ मिळव म्हणालीस. मिळवायला गेले. तिला म्हटलं, माझ्याशी गोड बोल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की ताप आलाय का मला. म्हणाली, उभ्या जन्मात कधी बोलले का, की आता जाता जाता नाटक करू? मग म्हटलं, भिंगरीबद्दल बोल. बोलली, पुष्कळ बोलली. तू उभ्या उभ्या खातेस, थंडीत डोकं उघडं टाकून फिरतेस, फोन कानाला लावून रस्ता ओलांडतेस, तुला कोणी विचारणारं नाही. सूर मात्र तोच. एकदाच मधे हसली, मी खिळ्याऐवजी बोटावर हातोडी मारली तेव्हा. बघ, कुठे सापडतं का.

तिच्याकडे आहे ते हे एवढंच आहे. यातून जमव.

मावशी

*

१८ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

घरी आलो. गाठ पूर्ण गेली, डॉक्टर खूश आहेत. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते. खाणं अजून पातळच.

तू पाठवलेल्या, टाइप केलं की बोलणाऱ्या त्या पाटीने दवाखान्यात मजा उडवली. आधी तिने उशी वर करा एवढंच टाइप केलं. सिस्टरच्या हातातला ट्रे पडला. मग डॉक्टरांचे आभार मानले, तर ते दोन पावलं मागे सरले आणि काही चुकलं का विचारायला लागले. बाकीच्या बायका मात्र तिच्याकडून निरोप पाठवायच्या. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीचा मुलगा येत नव्हता, म्हातारीने तुझ्या आईला पाटीवरून त्याला फोन करायला लावला. तासाभरात हजर!

पण इथे दुकानात ती बिचकते. गिऱ्हाइकाला नम्रपणे काही सांगावं तर ते अंगावर आल्यासारखं वाटतं. म्हणून तू दिलेला तो मधाळ आवाज लावून पाहिला. गिऱ्हाइकं खूश. एक बाई तर म्हणाली, किती गोड बोलता हो तुम्ही. तुझ्या आईचं तोंड कडू झालं. त्याच आवाजात तिने मला शिवण वाकडी गेल्याचं सांगितलं, आणि भिंगरे, मी मानही वळवली नाही. कुठेतरी रेडिओ चाललाय असं वाटलं. वाकडी शिवण तशीच पुढे गेली. वळून पाहिलं तर तिचे डोळे भरलेले.

तुझे लोक असले आवाज घरोघर देणार म्हणतेस. द्या. पण एकदा विचारा, की तो ऐकून घरातलं माणूस वळून बघतं का.

आता ती म्हणते, रविवारी तुला स्वतःच्या आवाजात फोन करणार. तुला परका वाटला तर तो पुसून टाकायचा आणि मधाळच ठेवायचा, असं ठरवून बसलीय. सांभाळून बोल.

मावशी

*

२३ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

मी फोन ठेवला त्याबद्दल रागावू नका. पलीकडून आवाज आला की इतक्या उशिरा का उचलला, कुठे उलथली होतीस. आणि मला एकदम रडूच फुटलं. बोलताच येईना म्हणून ठेवला. परत लावला तर कुणी उचलला नाही. आई, तू हे ऐकत असशील म्हणून लिहिते. परका वाटला म्हणून नाही रडले. मागच्या वर्षी, त्याआधी, कायम जशी बोलायचीस, तशीच बोललीस. पुसू नकोस.

एक कमी आहे. यंत्राला हसता येत नाही. हातोडीच्या वेळचं तिचं एक हसू मला सापडलं आहे. त्यावरून करून पाहू का? बटण दाबलं की हसेल.

उत्तराची वाट पाहते.

भिंगरी

*

२९ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

फोन ठेवलास आणि ही जेवायची थांबली. तुला भीती वाटली, असं धरून बसली होती. मधाळ आवाज लावून पाटी कोपऱ्यात सारली. परवा तुझं पत्र आलं, मी वाचून दाखवलं. पुन्हा वाच, अशी खूण केली. पुन्हा वाचलं. मग पाटी ओढली, आवाज बदलला, आणि एका बोटाने किती वेळ टाइप करत बसली. मला वाटलं, आता काहीतरी हृदयाला भिडणारं येणार. तर पाटी कडाडली की रडून झालं असेल तर पोरीला म्हणावं रविवारी पुन्हा फोन लाव, आणि या वेळी आधी जेवून घे.

मी पोट धरून हसले. तीही हसली. आवाज नाही काही, नुसते खांदे हलतात, डोळ्यांत पाणी येतं आणि गळ्याच्या त्या भोकातून फुसफुस वारा येतो. बघून मला आणखी हसू. मग तिला आणखी.

तेव्हा बटण नको, असं तिने सांगितलंय. हसते ती तशीच, यंत्र कशाला? तुला बघायचं तर इथे ये.

येताना माया बरोबर आण, पेट्या नको.

तुझी,
मावशी