चाकामागचा दगड

सांगली,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय शिवांजली,

नोव्हेंबरात तू गाडी माझ्या गॅरेजच्या शेडमध्ये सोडून गेलीस. त्यानंतर तुझे अकरा फोन आले आणि मी एकही उचलला नाही. ‘काम चालू आहे’ एवढा एक मेसेज पाठवला. तो खोटा नव्हता, पण पूर्ण खराही नव्हता. गेले दहा दिवस तर त्यात खरं काहीच उरलेलं नाही. कराडला कॉलेजात असताना तू माझ्या डायरीला हसायचीस. म्हणायचीस, ही बाई डब्यात काय होतं तेही तारखेनिशी लिहून ठेवते. आज त्याच डायरीपुढे बसून तुला लिहिते आहे. माफी मागते, पण कशाकशाची ते पत्र संपेपर्यंत ठरवू नकोस.

जाताना तू दारात थांबून म्हणाली होतीस, “ब्राह्मी, गाडीत काहीतरी खोट निघू दे गं. नाहीतर आबा दादाचा फोटो भिंतीला लावायचे नाहीत.” ते वाक्य मी त्याच दिवशी लिहून ठेवलं. अकरा सप्टेंबरला सकाळी यवतेश्वरच्या घाटात गाडी थांबली, तुझा दादा वीरधवल उतरून बॉनेट उघडून पुढे उभा राहिला, आणि आत कोणी नसलेली गाडी पुढे येऊन तिनं त्याला कठड्याशी दाबलं. लोक दारूचं बोलले. लोकांचं जाऊ दे. पण लष्करात बावीस वर्षं जवानांना गाडी शिकवलेला बाप बाराव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, “चाकाला साधा दगूडबी न्हाई. पेलेला डायवरबी एवढं इसरत न्हाई. मी शिकिवलेलं पोरगं न्हवं त्ये.” तू तेव्हा पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं नाही.

गाडीचं सांगते. एक्याण्णव सालची, जपानहून आलेली, दोन दरवाजांची, डाळिंबी रंगाची. क्लच नाही, गिअर ती आपले आपण टाकते. वीरधवलची ही हौस आपल्या दोघींना कधीच कळली नाही. सांगलीत तिला हात लावणारी मी एकटीच, म्हणून तो साताऱ्याहून माझ्याकडे यायचा. गाडीला काही झालेलं नसलं तरी यायचा. आमच्याकडे दिवेलागणीच्या आत जेवणं होतात, ते त्याला पाठ होतं. बरोबर पाचला हजर, आणि माझ्या आईला म्हणायचा, “काकू, गाडीला भूक लागली म्हणून आलो.”

डिसेंबरभर मी दोष शोधला. गिअरबॉक्सचं तेल पाहिलं. लाल, स्वच्छ, जळका वास नाही, तेल मोजायच्या पट्टीवर बरोबर खुणेवर. वायरिंग एकेक करून तपासलं. गिअर बदलणारे व्हॉल्व्ह काढून धुतले. कोल्हापूर रस्त्यावर, अंकलीच्या पुलापर्यंत, रोज पहाटे गाडी चालवली. एकदाही चुकली नाही. लोण्यात सुरी फिरावी तसे गिअर पडत होते. मला तिचा राग येऊ लागला. काहीतरी ठाऊक असलेल्या माणसानं गप्प बसावं तशी ती बसायची. सीट वीरधवलच्या उंचीनं मागे सरकवलेली आहे, ती मी अजून पुढे घेतलेली नाही. पाठीशी उशी घेऊन चालवते. आरसाही त्याचाच. त्यात मला मागचा रस्ता दिसत नाही, नुसतं आभाळ दिसतं.

मग लक्षात आलं की सांगली सपाट आहे. चढ लागतो तो तुमच्याकडे. एकोणतीस जानेवारीला मी गाडी घेऊन साताऱ्याला आले. तुमच्या गल्लीच्या तोंडावरून गेले. अंगणात आबा पेपर वाचत होते. मी थांबले नाही. घाटाच्या पायथ्याशी दादासो भेटला. वर पठारावरून शहरात दूध घालायला येतो, त्या सकाळी सगळ्यात आधी पोचलेला तोच. फोन करून बोलावलं होतं. त्याला जागा दाखवायला सांगितलं तर म्हणाला, “दावतो. पर गाडीत न्हाई बसनार, ताई. मी आपला फटफटीवर फुडं जातो.”

दुसऱ्याच अवघड वळणावर, धुकं नुकतं वर सरकत असताना, गाडीनं हात सोडला. दुसरा शब्द मला सापडत नाही. इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. चढावर मागे येऊ लागली म्हणून मी ब्रेक दाबून कशीबशी कडेला घेतली. दादासो फटफटी लावून लांब उभा राहिला आणि म्हणाला, “हितंच हुती.”

यापुढे काय केलं ते मी नंतर शब्दाशब्दानं लिहून काढलं, कारण ते करताना मी विचारच केला नव्हता. गाडी गिअरमध्ये ठेवली. उतरले. दगड शोधून मागच्या चाकाच्या मागे लावला. बॉनेट उघडलं आणि पुढे, कठड्याकडे पाठ करून वाकले. आपण अठरा वर्षांच्या असताना पोलीस ग्राऊंडमागच्या उतारावर आबांनी आपल्याला जीपवर हेच घोकून घेतलं होतं, आठवतं? “चढाला गाडी थांबली की गिअरमधी टाका, चाकाला दगूड, मगच बॉनेट.” जीप गिअरमध्ये अडकून जागेवर राहते. ही गाडी गिअरमध्ये असली आणि इंजिन चालू असलं तर ती फक्त पुढे सरकायची वाट बघत असते. हे मला माहीत आहे. मी इंजिनिअर आहे, शिवांजली. तरी माझ्या हातांनी ते केलं.

माझा दरवाजा उघडा राहिला होता. किल्ली आत आणि दरवाजा उघडा असला की त्या गाडीत एक बारीक घंटी वाजते, देवघरातल्यासारखी. ती वाजत होती. इंजिन संथ झालं होतं. मी आत डोकावून पाहत होते, आणि घंटी जवळ आली. एवढंच जाणवलं, घंटी जवळ आली. दादासो ओरडला, “ताई, बाजूला व्हा!” मी कशी सरकले ते आठवत नाही. गाडी माझ्या अंगावरून नाही, शेजारून गेली. माणूस चालतो त्याहून हळू. ड्रायव्हरच्या जागी कोणी नव्हतं, सीट मागे सरकलेली, उशी तिरकी झालेली. पुढचा बंपर कठड्याला टेकला. कठड्याच्या त्या दगडावर आधीचा डाळिंबी ओरखडा होता, बरोबर त्याच्यावर. टेकून ती थांबली आणि घंटी वाजतच राहिली.

दादासोनंच वाकून किल्ली काढली. म्हणाला, “त्या दिशीबी अशीच आली, ताई. मी वळनावरनं बघितलं. मालकाला हाक मारायला आल्यागत आली. कुनाला सांगू? येडा म्हनतील.” मग त्यानं मागे बोट दाखवलं. दहा-बारा फुटांवर, गाडी आधी उभी होती तिथं, मी लावलेला दगड तसाच रस्त्यात पडला होता. मी विचारलं, त्या दिवशीही होता का? “व्हता की. कुनी गाडीवाला घसरंल म्हनून मीच लाथंनं कडंला केला. पोलीस मागनं आलं. त्यांनी इचारलं न्हाई, मी बोललो न्हाई.”

म्हणजे दगड होता. आबांना हे आजच सांग. त्यांचा मुलगा त्यांनी शिकवलेलं काहीच विसरला नव्हता. दादासो त्यांच्यासमोर येऊन सांगायला तयार आहे.

इथं पत्र थांबवता आलं असतं. दहा दिवस मी रोज इथपर्यंत लिहून थांबत होते. पण गाडीनं हात का सोडला, ते राहिलं. तेलाच्या त्या पट्टीवर जपानी अक्षरं आहेत, बारीक ठोकलेली. मी त्यांच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. घाटातून आल्यावर मोबाइलवर भाषांतर करून ती वाचली. ‘गरम असताना, इंजिन चालू ठेवून मोजा.’ माझे वडील इंजिनचं तेल थंड गाडीत, इंजिन बंद ठेवून मोजायला शिकवून गेले. मी हे तेलही आयुष्यभर तसंच मोजलं. डिसेंबरात मोजलं तेही तसंच. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समधलं तेल खाली उतरतं आणि पट्टी आहे त्याहून जास्त दाखवते. चालू इंजिनात मोजलं तेव्हा पट्टी जवळजवळ कोरडी निघाली. एवढ्या कमी तेलात चढावर पंप हवा ओढतो, ओढ जाते. गाडी उभी राहिली की फेस बसतो, तेल परत येतं, आणि ओढही परत येते. हे सगळं डायरीत आहे. दोन सप्टेंबर, माझ्या अक्षरात: ‘वी. ची गाडी. गिअरबॉक्सचं तेल खुणेच्या बरंच वर. दीड लिटर काढलं. गाडी दिली. जेवून गेला.’ नऊ दिवसांनी तो घाटात गेला. तू म्हणाली होतीस, गाडीत खोट निघू दे. निघाली. ती गाडीची नव्हती. दीड लिटर तेल परत घातलं की ती कधीच कुणाला सापडणार नाही, आणि डबा फळीवर माझ्या हाताच्या उंचीवर आहे. काल मी त्याचं झाकण उघडलं होतं. पुन्हा बसवलं. आबांना घेऊन ये. गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवून, पट्टी त्यांना स्वतःच्या हातानं काढू दे. मग माझं काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. त्याचा फोटो मात्र त्याच दिवशी लावा.

तुझीच,
ब्राह्मी

डायरीत, उद्यासाठी: शेडचं कुलूप काढण्याआधी हे पत्र पोस्टात टाकणे.