आधी अर्थ

रविवार, ८ सप्टेंबर. चर्चमधून, मासच्या प्रार्थनेहून आल्यावर.

नवी वही. जुन्या वहीत उन्हाळाभर नुसती कुरकुर झाली, तिचं तोंडही बघायचं नाही.

ठरलं. ब्लॅकपूलची रोषणाई १० नोव्हेंबरला बंद होते. त्याआधी एका संध्याकाळी माझ्या नवऱ्याला, जेरार्डला, वृद्धांच्या होममधून आणायचं, आमच्या हिरव्या टू-सीटरमध्ये बसवायचं, आणि समुद्राकाठच्या रस्त्यावरून पहिल्या गिअरमध्ये सगळे दिवे दाखवायचे. १९६९ साली त्याने मला असंच नेलं होतं, याच गाडीतून. कॉन्व्हेंटची शाळा सुटून मला तीन महिने झाले होते आणि सिस्टर अलॉयशियस कुठूनतरी बघत असणार, असं पूर्ण रस्ताभर वाटत होतं.

होमचे डॉक्टर म्हणतात, ओळखीच्या वस्तू दाखवा. ही गाडी त्याने तीनदा सुटी करून जोडली आहे. याहून ओळखीचं काय असणार? मी आहे, पण माझं मी बघते.

गाडी सुरू होते, पळते. फक्त दिव्यांचं जरा बिनसलं आहे. डावा इंडिकेटर दिला की हेडलाइट मिचकावतात. हेडलाइट लावले की दोन्ही इंडिकेटर मंद जळत राहतात. हॉर्न दाबला तर सगळेच मान खाली घालतात. एप्रिलपर्यंत असं काही नव्हतं. एप्रिलमध्ये तर मी बोनेटच्या आत स्वतः हिरवा रंग दिला, एकेक बोल्ट बारीक ब्रशने रंगवला. जेरार्डने पाहिलं असतं तर खूश झाला असता. म्हणजे दमट हवेशिवाय दुसरं कारण संभवत नाही.

एक आठवडा पुरे. उद्या: बल्ब.

मंगळवार, १० सप्टेंबर

होम. जेरार्डला बेत सांगितला, गाडीची किल्ली हातात दिली. त्याने ती अंगठ्याने चाचपली. म्हणाला, तुमची गाडी आहे वाटतं, छान. हल्ली मला ‘तुम्ही’ म्हणतो. त्रेचाळीस वर्षं ‘तू’ म्हणाला, आता आदर वाढला आहे. वयानुसार पुरुष मवाळ होतात असं ऐकलं होतं.

बल्ब काल राहिले. पाऊस होता.

उद्या: बल्ब नक्की.

शनिवार, १४ सप्टेंबर

सगळे बल्ब बदलले. आधीचे चांगले होते असं आता दिसतं. फरक शून्य, पण एक शक्यता मिटली हे कमी नाही.

शेजारचे मिस्टर रिमर कुंपणावरून म्हणाले, काय बाई, अजून डोळाच मारतेय का ती? मी म्हणाले, तिचं सर्दीचं दुखणं आहे. ते म्हणाले, दोन मिनिटं बोनेट उघडा, नजर टाकतो. मी नको म्हणाले. त्यांनी तीस वर्षं ट्रामच्या डेपोत काम केलं, रोषणाईच्या माळा चढवल्या, सगळं खरं. पण या गाडीच्या बोनेटला जेरार्डने कधी परक्या माणसाला हात लावू दिला नाही. तो घरी नाही म्हणून मी लावू द्यायचा? रिमर म्हणाले, बरं, मग तिला गरम सूप पाजा.

मंगळवार, १७ सप्टेंबर

होमच्या मिसेस डकवर्थ म्हणतात, साडेसहाला जेरार्डची गोळी आणि जेवण, त्याआधी परत आणायलाच हवं. मी म्हणाले, साडेसहाला लख्ख उजेड असतो. त्या म्हणाल्या, ते माझ्या हातात नाही. शाळेत आमच्या मदर सुपीरियरही अशाच बोलत.

घरी येताना लक्षात आलं की हे उलट चांगलंच झालं. २७ ऑक्टोबरला हिवाळ्यासाठी सगळी घड्याळं तासभर मागे गेली की पाचलाच अंधार. म्हणजे मला उशीर झालेला नाही, मी फारच लवकर आहे. आता घाई नको.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

मोठा शोध. जेरार्डचं गाडीचं पुस्तक सापडलं, माळ्यावर नव्हे, त्याच्या रविवारच्या कोटाच्या खिशात. दिव्यांच्या पानावर समासात त्याने पेन्सिलीने लिहिलं आहे: आधी अर्थ बघ. खाली दोन रेघा.

टेलिफोन खात्यात जन्म गेला, तरी माणूस आतून किती खोल. वायरींना हात लावण्याआधी समजून घ्या, असंच ना? मी ते प्रकरण अथपासून इतिपर्यंत तीनदा वाचलं. अर्थ अजून पूर्ण लागलेला नाही, पण मन शांत झालं.

सिस्टर अलॉयशियसनी आम्हाला बॅटरी आणि बल्बची आकृती शिकवली होती. बॅटरीतून वीज निघून बल्बपर्यंत कशी जाते ती अर्धी आकृती मला आजही डोळ्यांसमोर दिसते. उरलेली अर्धी उतरवायच्या आत घंटा झाली. ती अर्धी विजेच्या परतीची होती, तितकी महत्त्वाची नसावी.

उद्या: बॅटरीपासून बल्बपर्यंतची प्रत्येक वायर.

रविवार, १३ ऑक्टोबर

सगळ्या वायरी सोडवल्या. गोंधळ नको म्हणून प्रत्येकीला चिठ्ठी बांधून संतांची नावं दिली. हेडलाइटला सेंट लूसी, डोळ्यांची संत म्हणून. हॉर्नला सेंट गॅब्रिएल. रंगांपेक्षा हे लक्षात राहतं.

जोडताना सेंट पीटर कुठून सुटला ते कळेना. अंदाजाने बसवला.

आता डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजतो. रिमर कपडे वाळत घालत होते. म्हणाले, वा, आता ती बोलायलाही लागली. मी म्हणाले, प्रगती आहे. ते हसून हसून कुंपणाला टेकले. पत्नी गेल्यापासून कपडे स्वतःच धुतात आणि सगळे राखाडी करून ठेवतात, तरी मी कधी हसले आहे का?

मंगळवार, १५ ऑक्टोबर

होम. जेरार्डने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. म्हणजे ओळखलं. मिसेस डकवर्थ म्हणाल्या, सगळ्यांपुढे सरकवतो हल्ली, त्याला चहा नको असतो. मिसेस असूनही या बाईंना लग्नातलं काही कळत नाही.

मी विचारलं, आपली गाडी कोणत्या रंगाची? त्याने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाला, मोनिकाला विचारा, तिला सगळं माहीत असतं.

माझं नाव ऐकून मला फार बरं वाटलं. बसमध्ये का कोण जाणे चष्मा पुसावा लागला.

रविवार, २७ ऑक्टोबर

घड्याळं मागे केली. एक तास फुकट मिळाला, तो गाडीला दिला. सेंट पीटर जागेवर आला. हॉर्न परत हॉर्नसारखा. बाकी सप्टेंबरमध्ये होतं तसंच. म्हणजे सात आठवड्यांत आपण नुकसान काहीच केलं नाही, हे लिहून ठेवायला हवं.

दोन आठवडे आहेत. एक वायर, फार तर दोन.

शुक्रवार, १ नोव्हेंबर. सर्व संतांचा सण.

चमत्कार. मासहून येऊन बोनेटमध्ये वाकले होते, दिवे चालूच होते, नेहमीसारखे मलूल. पान्हा हातातून निसटून आत एका वायरीच्या टोकावर आडवा पडला आणि त्याच क्षणी सगळे दिवे लखलखले. गॅरेजची भिंत पांढरीशुभ्र. पान्हा उचलला, परत मलूल.

म्हणजे तिला धक्का लागतो. बंपरवर लाथ मारून पाहिली. उद्या जाड बुटांनी मारणार.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

पायाचं बोट काळंनिळं. होमला जाता आलं नाही. आज पोरांची फटाक्यांची रात्र, आवाजाने जेरार्ड बिचकतो असं मिसेस डकवर्थनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, माझी आठवण काढली का? त्या म्हणाल्या, मोनिका कधी येणार विचारत होता. मी म्हणाले, बघा. त्या म्हणाल्या, मिसेस कॉटम, तुम्ही समोर बसलेल्या असता तेव्हाही तो तेच विचारतो.

हे मला लिहायचं नव्हतं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सात वेळा दिवे लावले, सातही वेळा लागले. हॉर्न दाबला नाही, इंडिकेटर दिला नाही, उगाच कशाला. दोष गेला. कोरड्या हवेने गेला, मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

उद्या शेवटची रात्र. लोकरी पांघरूण, त्याची टोपी, आल्याचा केक, थर्मास. निळा स्कार्फ मी बांधणार. १९६९ चा तो हरवला, हा तसाच आहे.

रविवार, १० नोव्हेंबर

साडेचारला होममध्ये पोचले. जेरार्ड टोपी घालून तयार. गाडीपाशी आल्यावर त्याने बोनेटवरून हात फिरवला, न सांगता आपल्या बाजूने बसला. मिसेस डकवर्थनी विचारलं, सुरक्षित आहे ना? मी म्हणाले, अगदी.

फाटकापाशी उजवा इंडिकेटर दिला. सगळं गेलं.

अंधाऱ्या गाडीत आम्ही सव्वा तास अंगणातच बसलो. केक खाल्ला. त्याने विचारलं, सिनेमा कधी सुरू होणार? मी म्हणाले, होईल आता. मिसेस डकवर्थनी चहा आणून खिडकीतून दिला आणि काहीच बोलल्या नाहीत, हे त्यांना शोभलं नाही. त्यांनी बोलायला हवं होतं.

एकंदरीत संध्याकाळ चांगली गेली. एका परीने फिरायला गेलोच म्हणायचं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

रिमरनी व्हॅनला दोर बांधून गाडी घरी ओढून आणली. मग न विचारता बोनेट उघडलं. मी अडवलं नाही.

दोन मिनिटं लागली. म्हणाले, बाई, हा बोल्ट रंगवला कोणी? मी म्हणाले, मी, सगळेच रंगवले. ते म्हणाले, वीज गेली तशी परत यायला नको का? पुढच्या सगळ्या दिव्यांची परतीची वाट या एका बोल्टवरून, आणि तुम्ही तिच्यावर छान हिरवं दार लावलंत. त्यांनी वायर सोडवली, पॉलिशपेपरने रंग खरवडून लोखंड उघडं केलं, वायर परत आवळली. सगळे दिवे लागले. इंडिकेटर, हॉर्न, सगळं.

मी जेरार्डचं पुस्तक दाखवलं, आधी अर्थ बघ. रिमर म्हणाले, मग बरोबर लिहिलंय की त्याने. अर्थ म्हणजे अर्थिंग हो. त्याला तेच म्हणायचं होतं, आधी अर्थिंगची वायर बघ.

रोषणाई काल संपली.

रिमर हत्यारं पुसत राहिले. जाताना म्हणाले, माळा उतरवायला दोन महिने जातात, अजून जागेवरच आहेत. वीज नाही, एवढंच.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पाचला जेरार्डला घेऊन समुद्राकाठच्या रस्त्यावर. हेडलाइट इतके स्वच्छ की लांबचे ट्रामचे रूळ चमकत होते. रस्त्याचे नेहमीचे दिवे, वर मैलोन्‌मैल काळ्या माळा, एका शिडीच्या गाडीवर दोन माणसं बल्ब काढत होती. आमच्याखेरीज पुढेमागे कुणी नाही. मी तरी पहिल्या गिअरमध्येच चालवली.

जेरार्ड एकदम वळला. म्हणाला, समोर रोषणाई असताना हेडलाइट लावतात का? नुसते छोटे दिवे ठेवायचे, लोकांच्या डोळ्यांवर येतं. एवढंही कळत नाही का तुला?

तुला, म्हणाला.

मी काही करायच्या आत त्याने हात पुढे करून स्विच आत ढकलला. हेडलाइट विझले, छोटे दिवे राहिले, आणि स्विचचं बटण त्याच्या हातात आलं. ते त्याने जपून खिशात ठेवलं. मग टोपी मागे सारली आणि वर बघत राहिला, आधी डावीकडे, मग उजवीकडे, अगदी शेवटपर्यंत. वा, म्हणाला. अधूनमधून बोटाने दाखवत होता. मी बोटाकडे बघत होते.

ट्रामच्या शेवटच्या थांब्याशी मला म्हणाला, तुम्ही पहिल्यांदाच आलात का? मी हो म्हणाले. तो म्हणाला, पुढच्या वर्षी मोनिकाला आणायला हवं.

छोट्या दिव्यांवर होमपर्यंत आलो, साडेसहाला पाच मिनिटं कमी. बटण मागितलं नाही. त्याच्याशिवाय हेडलाइट लागत नाहीत, आणि पोल्टनकडचा, माझ्या घराचा रस्ता अंधाराचा, म्हणून गाडी तिथल्या अंगणातच ठेवली.

रिमरना सांगितलं. ते म्हणाले, स्विच ना, दहा मिनिटांचं काम. मी म्हणाले, राहू दे.

उद्या: होम. बसने.