झोत सरळ जात नव्हता

९ मार्च

ती. भाऊजी,

नमस्कार. मी बरी आहे. तुमच्या गुडघ्याचं ताईकडून कळलं. जिना चढू नका, तुम्ही ऐकणार नाही तरी लिहिते. प्रयोगशाळेत नवी किटली आली आहे, चहा तसाच पाणचट.

फोन केला की तुम्ही "बरं, बरं" म्हणून ताईच्या हातात देता. म्हणून पत्र.

आपल्या काचेच्या टाकीबद्दल लिहायचं आहे. बंद टाकीत नळीतून पाण्याचा झोत सोडायचा, तुम्ही वेग मोजायचा, मी संगणकावर त्याचं गणित मांडायचं, असं सहा वर्षं चाललं. माझ्या गणितात झोत नाकासमोर जायचा. तुमच्या आकड्यांत तो कधी डाव्या भिंतीकडे, कधी उजव्या.

"अगं, त्याला जागा अपुरी पडते," तुम्ही म्हणायचात. "भिंतीवर आपटून परतलेलं पाणी त्यालाच ढकलतं. तू सरासरी काढतेस, म्हणून तुला तो सरळ दिसतो."

"सेन्सर बदलून बघा," मी म्हणायचे.

मग दोन वर्षांपूर्वीची ती बैठक. आकडे का जुळत नाहीत, असं साहेबांनी विचारलं आणि मी म्हणाले, "भाऊजींचा हात हल्ली थरथरतो." सगळ्यांनी तुमच्या हाताकडे बघितलं. तुम्ही तो टेबलाखाली घेतलात. सेन्सर स्टँडला घट्ट आवळलेला असतो, हाताचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, हे मला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक होतं, तरी तुम्ही मला खोटं पाडलं नाहीत. महिन्याभरात राजीनामा दिलात.

अजून एक राहिलं. तेच लिहायला तीन कागद फाडले.

बैठकीच्या आदल्या दिवशी तुम्ही जेवायला गेलात, तेव्हा मी टाकीत लाल रंग सोडून बघितला होता. झोत डावीकडे गेला, रेंगाळला, उजवीकडे वळला. दर अकरा सेकंदांनी. मी पाणी बदललं, काच पुसली आणि गप्प बसले. अहवाल छापायला गेला होता, त्यावर माझं नाव पहिलं होतं.

आता माझ्या त्या आकड्यांवर कारखान्याची मोठी टाकी बांधायला घेत होते. तिच्यात उकळतं पाणी शिरणार. झोत असा इकडून तिकडे वळत राहिला आणि भिंत सारखी तापत-निवत राहिली तर ती तडकणार, आणि शेजारी माणसं कामाला असणार. मंगळवारी मी साहेबांना सगळं लेखी दिलं, लाल रंगाचंसुद्धा.

"हे तेव्हा का नाही बोललात?" त्यांनी विचारलं.

बांधकाम थांबलं आहे. प्रकल्प माझ्याकडून काढून घेतला, ते रास्तच. सुधारलेल्या अहवालात मोजमापं तुमच्या नावावर आहेत. तुम्हाला परत बोलवावं का, असं साहेब मला विचारत होते. म्हटलं, ते त्यांनाच विचारा, माझ्या तोंडून नको.

नोकरीचा कंटाळा आला, एवढंच तुम्ही ताईला सांगितलंत. दोन वर्षं ती मला प्रेमाने फोन करते आणि प्रत्येक वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. रविवारी सकाळी मी तुमच्याकडे येते आहे. तिला मीच सांगणार. तुम्ही तेव्हा घरी असावं की नाही, हे तुम्ही ठरवा.

तुम्ही पाठीशी घातलेली,
मेहुणी