आत ओढलेल्या रेघा

प्रिय धाकट्या,

पूर्वेच्या कोपऱ्यातला पाण्याचा निचरा, राखीव खेळाडूंची दोन्ही बाकं, गोलांमागचे जाळी ताणायचे खांब, रेघा मारायची गाडी आणि या कडेपासून त्या कडेपर्यंतची हिरवळ. एवढं सगळं मी माझ्या हातांनी केलंय. गाडीला तर तुझ्याच जुन्या सायकलची चाकं आहेत. मला हे कोणी शिकवलं नाही. रंग किती पातळ कालवला की रेघ पसरते आणि किती घट्ट ठेवला की फुटते, हे मी स्वतःचे बूट रंगवून घेत शिकलो. बढाई वाटली तर वाटू दे. क्लबच्या फुटबॉल मैदानावर माझा हक्क किती, हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

रविवारी तू ताटावरून उठलास, “दादा, तू गवत बघ, संघ मी बघतो,” म्हणालास आणि दार आपटून गेलास. तुझी वहिनी म्हणाली, निदान पाणी पिऊन तरी भांडायचं! येत्या सोमवारी संचालक मंडळाची बैठक आहे. खेळाडू खरेदीचा प्रमुख म्हणून तुला ठेवायचं की घालवायचं, ते त्यात ठरणार, हे तिकीट फाडणाऱ्यालाही ठाऊक आहे. म्हणून राहिलेलं सगळं आजच लिहितो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही, हा एक फायदा.

नऊ कोटी, धाकट्या! एका माणसाला! प्रेक्षक त्याला ‘खांब’ म्हणतात, आणि ते उंचीमुळे म्हणतात असं तू अजून समजतोस. तो गोलासमोर उभा राहतो आणि चेंडू डोक्यावर येण्याची वाट बघतो. बघू दे, तेच त्याचं काम. पण त्याच्या डोक्यावर चेंडू टाकणारा एकच होता आपल्याकडे, आपला भिंगरी. आपल्याच कुमार संघातून वर आलेला, डाव्या कडेने असा सुटायचा की मागे गवत वाकलेलं दिसायचं. खांबाचे पैसे भरायला तू भिंगरीला विकलास. अरे, पत्रपेटी विकत घ्यायची आणि तिच्या पैशांसाठी पोस्टमनच विकायचा, असा हा हिशेब! वर मला विचारतोस, दादा, याला काही पर्याय होता का. होता. निम्म्या किमतीत दुसऱ्या फळीतला फॉरवर्ड मिळत होता. पण त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायला अध्यक्षसाहेब आले नसते.

तुझंही एक खरं आहे, ते मी नाकारत नाही. गेले दोन मोसम आपण सुरेख पास देत हरलो. शेवटचा ठोसा मारणारा कोणीच नव्हता आणि पश्चिमेचा स्टँड इतका रिकामा असायचा की तिथे कबुतरं बसून सामना बघायची. खांब आला आणि मोसमाची तिकिटं संपली. तू म्हणालास, लोकच आले नाहीत तर तुझं गवत कोणासाठी कापायचं? त्यावर मी नुसता आवाज चढवला. पण खरेदी करणं वेगळं आणि एका खरेदीपायी सगळा संघ वाकवणं वेगळं.

आणि मग तुम्ही माझ्या रेघांपर्यंत आलात. कडेने पळणारा उरला नाही, तेव्हा मैदानच अरुंद करा! दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटर आत, म्हणजे कडेबाहेरून हाताने फेकलेला चेंडूही खांबापर्यंत पोचेल. गवत वाढू द्या, म्हणजे पाहुण्यांचे पास अडतील. नियमात बसतं, मला माहीत आहे. नियम मलाही वाचता येतात. पण आपली मुलं त्या रुंदीवर वाढली होती. डोळे मिटून पास दिला तरी कडेवरच्या गड्याच्या पायात जायचा. आता तोच पास रेघेबाहेर जातो आणि प्रेक्षक मुलांना शिव्या घालतात. तेव्हापासून घरच्या मैदानावर एकही विजय नाही! जुन्या रेघा मी खरवडल्या, पण लांबून बघितलं की गवताखाली त्या अजून दिसतात. मला तरी दिसतात.

लहानपणी आपण बाटल्यांच्या बुचांचे संघ करायचो, आठवतं? माझ्याकडच्या सोनेरी बुचासाठी तू मला तुझी चार बुचं दिलीस, आणि मग मैदानात उतरवायला तुझ्याकडे सोनेरी धरून आठच उरली. तू रडलास. मी तुला मूर्ख म्हणालो, भरपूर बोललो, आणि चार बुचं परत दिली. सोनेरीही तुझ्याचकडे राहिलं. आई म्हणाली, बोलून घेतलंस ना, मग देताना कशाला तोंड वाकडं करतोस.

काल अध्यक्षसाहेब माझ्या अवजारांच्या खोलीत आले. खुर्ची नव्हती, खताच्या पोत्यावर बसले. गोड बोलले. सोमवारी बैठकीत येऊन मी एवढंच सांगायचं, की रेघा आत घ्यायला तू एकट्याने लावलंस, मंडळाला पत्ता नव्हता, आणि खांबही तू कोणाचं न ऐकता आणलास. मग दोष तुझा, मंडळ मोकळं. अरे, ज्या दिवशी मी नव्या रेघा मारल्या, त्या दिवशी हाच माणूस माझ्या टेपचं दुसरं टोक धरून उभा होता! “अजून थोडं आत घ्या हो,” म्हणत होता! मी त्यांना दार दाखवलं. बैठकीला मी जाणार आहे, पण टेप कोणी धरली होती ते सांगायला. तू चुकलास, हे मी तुला तुझ्या तोंडावर सांगेन, जन्मभर सांगेन; ते विकायला काढणार नाही. मंडळातल्या कोणी तुला येऊन सांगितलं की दादा आमच्या बाजूने बोलणार आहे, तर हात टेकू नकोस, राजीनामा लिहू नकोस. म्हणून हे पत्र.

अजून रागावलेला, तरी तुझाच,
दादा

ता. क. तुझ्या वहिनीला यातलं अक्षरही माहीत नाही, तिच्यासमोर अध्यक्षसाहेबांनी मला देऊ केलेला आकडा काढू नकोस. क्लबच्या तिन्ही मैदानांचं कंत्राट माझ्या नावावर, पाच वर्षं, वर्षाला चाळीस लाख.